मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी साहित्याची पदवी: मूळ पुस्तक वाचावे की नोट्स?

नदीकाठ

सर्वांना नमस्कार. मी गडहिंग्लज तालुक्यातील एका गावात राहते. कला शाखेचे पहिले वर्ष मी नुकतेच पूर्ण केले. दहावीपर्यंतचे माझे सगळे शिक्षण गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत झाले. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षी आम्हाला तीन विषय होते आणि आता दुसऱ्या वर्षासाठी त्यांतला एक मुख्य विषय म्हणून निवडायचा आहे. इतिहासात मला इंग्रजीपेक्षा अकरा गुण जास्त मिळाले असूनही मी इंग्रजी निवडले, आणि घरात अजून कोणाला हा निर्णय पटलेला नाही.

खरे सांगायचे तर मलाही आता धाकधूक वाटू लागली आहे. पहिल्या वर्षी मी अभ्यासक्रमातील एकही पुस्तक मुळातून वाचले नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स पाठ केल्या, त्या उत्तरपत्रिकेत उतरवल्या आणि उत्तीर्ण झाले. या सुट्टीत मात्र ठरवून इंग्रजी कवी जॉन कीट्सची ‘टू ऑटम’ ही कविता वाचायला घेतली. शब्दकोश शेजारी ठेवून प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला. कविता ३३ ओळींची आहे आणि तिच्यातले ४१ शब्द मला शोधावे लागले. चार दिवसांनी पान पेन्सिलीने भरून गेले होते, प्रत्येक ओळीचा अर्थ मला सांगता येत होता, पण ही कविता चांगली का मानतात हे मला कोणी विचारले असते तर मी गप्प बसले असते.

म्हणून विचारते. मराठीत अर्थ लिहून वाचण्याची माझी पद्धतच चुकीची आहे का? की मूळ पुस्तकांच्या मागे न लागता नोट्सवर पदवी पूर्ण करावी आणि इंग्रजी नंतर केव्हातरी सुधारावे?

खडूफळा

नमस्कार. मी एकतीस वर्षे ग्रामीण भागातल्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकवले आणि तुझ्यासारखेच विद्यार्थी माझ्यासमोर बसत, त्यामुळे ‘तू’ म्हणतो, रागावू नकोस.

मराठीत अर्थ लिहिण्यात चूक नाही. चूक आहे ती कोणत्या मराठीत लिहिला त्यात. तुझ्या शब्दकोशाने ‘ग्लीनर’ या शब्दापुढे बहुधा ‘वेचणारा’ असे काहीतरी दिले असेल आणि तेच तू ओळीवर लिहिले असशील. पण तुझ्या भागात भुईमूग काढून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचायला बायका जातात, त्याला काय म्हणतात? सरवा. कीट्सच्या कवितेतली ती आकृती सरवा वेचून, डोक्यावर भारा तोलत ओढा ओलांडते आहे. ‘वेचणारा’ या शब्दाने चित्र उभे राहत नाही, ‘सरवा’ या शब्दाने राहते, आणि तो शब्द शब्दकोशापेक्षा तुझ्या घरात सापडण्याची शक्यता जास्त आहे.

आता त्या पेन्सिलीच्या खुणा बाजूला ठेव आणि कविता मोठ्याने वाच. तिची तीन कडवी आहेत, प्रत्येकी ११ ओळींची. पहिल्या कडव्यात सगळे भरत, फुगत, पिकत जाते: सफरचंदांनी झाड वाकते, भोपळा फुगतो, मधमाश्यांची पोळी ओसंडतात. दुसऱ्या कडव्यात ऋतूच माणूस होऊन चार ठिकाणी दिसतो. धान्याच्या कोठारात जमिनीवर निवांत बसलेला, उपणणीच्या वाऱ्यावर केस उडणारा; अर्ध्या कापलेल्या सरीत अफूच्या फुलांच्या वासाने गुंगून झोपलेला; मग ती सरवा वेचणारी; आणि शेवटी सफरचंदाचा रस काढण्याच्या चरकाशी बसून शेवटचे थेंब गळताना तासन्‌तास पाहणारा. गुऱ्हाळावर बसून घाण्यातून रस पडताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे शेवटचे चित्र समजावून सांगावे लागत नाही. तिसऱ्या कडव्यात नुसते आवाज उरतात: चिलटांची गुणगुण, मेंढरांचे ओरडणे, रातकिडे, आणि जाण्यासाठी आभाळात गोळा होणाऱ्या पाकोळ्या. भरलेल्या फळापासून रिकाम्या आभाळापर्यंत कविता येते, आणि या साऱ्यात ‘मी’ हा शब्द एकदाही येत नाही. जो कवी आधीच्या काही उद्गारिकांमध्ये (‘ओड’ या प्रकारच्या कवितांमध्ये) स्वतःच्या व्यथेविषयी बोलत होता, तो येथे पूर्णपणे बाजूला झाला आहे. १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टरला फिरून आल्यावर त्याने ती लिहिली, तेव्हा तो अजून चोवीस वर्षांचाही झालेला नव्हता.

‘ऑटम’चे भाषांतर ‘शरद ऋतू’ असे केलेस की चांदणे आणि कोजागरी आठवते आणि कविता हातातून निसटते. ‘सुगी’ म्हणून बघ.

रोखठोक

सरांचे विवेचन सुंदर आहे, पण या मुलीला सुंदर विवेचनावर गुण मिळणार नाहीत. मी स्वतः मराठी माध्यमातून येऊन हीच पदवी घेतली, तेव्हाच्या भाषेत ‘स्पेशल इंग्लिश’ केले. जी-१, जी-२ (जनरल), मग एस-१ ते एस-४ (स्पेशल) असे पेपर असत आणि प्रत्येक पेपरच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसले की पुढच्या परीक्षेतले निम्मे प्रश्न हातात येत. आज मी एका विमा कंपनीत दाव्यांचे काम पाहतो आणि दिवसाला तीस-चाळीस इंग्रजी पत्रे लिहितो. कीट्सने मला त्यात मदत केली असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

मराठीतून विचार करण्याच्या सल्ल्यालाही माझा विरोध आहे. आमच्या वर्गातली जी मुले डोक्यात आधी मराठी वाक्य तयार करून मग त्याचे इंग्रजी करीत, त्यांची वाक्ये तिसऱ्या वर्षापर्यंत लंगडीच राहिली. क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय इतकी खोल असते की इंग्रजी वाक्य लिहितानाही मन शेवटच्या शब्दाची वाट बघत राहते. शब्दकोश वापरायचाच असेल तर इंग्रजी-इंग्रजी वापरावा आणि मराठी काही काळ दाराबाहेर ठेवावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

वाचनखुणा

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते आणि या दोघांच्या मधली आहे. माझी पदवीसुद्धा नोट्सवरच झाली, हे आधी कबूल करते.

त्या नोट्सचा एक प्रसंग सांगते. योगायोगाने तोही कीट्सचाच आहे. आमच्या गावी ज्या नोट्स चालत, त्यांत छपाईच्या चुकीने कवीच्या मृत्यूसमयीच्या वयातले २५ हे आकडे उलटे होऊन ५२ छापले गेले होते. चाचणीत वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी ‘वयाच्या ५२ व्या वर्षी अकाली निधन’ असे लिहिले. आमच्या बाईंनी पेपर परत देताना काही न बोलता फळ्यावर जन्माचे वर्ष १७९५ आणि मृत्यूचे वर्ष १८२१ असे लिहिले आणि खाली वजाबाकीची रेघ ओढली. आम्ही साठ जण तो ‘अकाली’ शब्द पाठ करीत होतो आणि ५२ व्या वर्षी मरण अकाली कसे, असा प्रश्न एकालाही पडला नव्हता. गुण कमी झाल्याचे मला फारसे वाटले नाही. आपण वाचतच नाही आहोत, हे त्या दिवशी लख्ख कळले.

तरीही लगेच दुसऱ्याच वर्षी सगळे मुळातून वाचण्याचा हट्ट धरू नकोस, कारण त्याने दोन महिन्यांत दमून मुले पुन्हा नोट्सकडेच वळतात. माझा अनुभव असा की कविता आणि एकांकिका मुळातून वाचाव्यात, कारण त्या लहान असतात. कादंबरी मात्र हप्त्याहप्त्याने घ्यावी. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये ६१ प्रकरणे आहेत आणि बहुतेक लहान आहेत. रोज दोन घेतली तर महिनाभरात पुस्तक संपते. ही पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि मोबाइलवर वाचता येतात. मी ती कादंबरी बी.एड. झाल्यावर, म्हणजे अभ्यासाला तिचा काही उपयोग उरला नसताना वाचली आणि थक्क झाले, कारण नोट्समध्ये ‘उपरोध हे लेखिकेचे वैशिष्ट्य’ एवढेच वाक्य होते. पहिल्याच वाक्यात ती म्हणते की धनवान अविवाहित पुरुषाला पत्नीची गरज असणारच, हे सर्वमान्य सत्य आहे. हे नक्की कोण बोलते आहे? लग्नाच्या वयाच्या मुली घरात असलेली सगळी आळी बोलते आहे, आणि गरज त्या पुरुषापेक्षा त्या घरांना आहे. पाच मुली, मुलगा नाही, म्हणून घरदार दूरच्या चुलत्याच्या नात्यातील पुरुषाकडे जाणार, आणि आईचा जीव स्थळांत अडकलेला! उपरोधाची व्याख्या मला पाठ होती, पण उपरोध ऐकू आला तो तेव्हा पहिल्यांदा.

रोखठोक यांना एवढेच सांगते की उद्या नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, द्यायची झाली तर दुसरी प्रश्नपत्रिका १०० प्रश्नांची असते आणि त्यांत कोणती ओळ कोणत्या कवितेतली, कोणते पात्र कोणत्या नाटकातले, कोणती कृती आधीची असे प्रश्न येतात. तेथे नोट्स फार लवकर संपतात.

लीड्सनिवासी

मी मूळचा सांगलीचा, गेली बावीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे. माझ्या मुलीने येथे इंग्रजी साहित्यातच पदवी घेतली, म्हणून थोडी माहिती देतो. येथील पदवी तीन वर्षांची असते. तिच्या काळी वर्षाचे शुल्क ९,२५० पौंड होते, त्यामुळे ‘या पदवीचे पुढे काय’ हा प्रश्न येथल्या घरांतही जेवणाच्या टेबलावर असतोच. व्याख्याने थोडी, आणि दहा-पंधरा जणांच्या चर्चेचे तास महत्त्वाचे. एका आठवड्यात एक कादंबरी वाचून यायची आणि तिच्यावर बोलायचे, असा क्रम असे. इंग्रजीच मातृभाषा असलेली मुलेसुद्धा तयार सारांश वाचून येतात आणि पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडतात, असे ती सांगायची.

आपल्या मुलीला, म्हणजे नदीकाठ यांना, एका गोष्टीने धीर येईल. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकांनी कवीचे नाव आणि काळ न सांगता १३ कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि त्यांच्यावर लेखी अभिप्राय मागवले. ते सारे त्यांनी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने छापले. उत्तम शाळांतून आलेल्या त्या मुलांना साधा वाच्यार्थही अनेक ठिकाणी लागला नव्हता, आणि कवीचे नाव झाकल्यावर कोणती कविता चांगली आणि कोणती भिकार हे ठरवताना त्यांची भंबेरी उडाली. म्हणजे ओळींचा अर्थ लागूनही कविता हाती न येणे हे मराठी माध्यमाचे दुखणे नाही. येथल्या मुलांची जीभ इंग्रजीला सरावलेली असल्यामुळे ते लपते, इतकेच.

जुनी_पाने

मराठी दाराबाहेर ठेवण्याच्या सल्ल्याला माझाही विरोध आहे, तो थोडा मागच्या काळात जाऊन नोंदवतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि शेक्सपिअर-मिल्टन वाचून पदवीधर होणारी पिढी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तयार झाली. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र विभाग १८९४ मध्ये सुरू झाला आणि केंब्रिजमध्ये या विषयाची स्वतंत्र परीक्षा १९१७ मध्ये आली. तेथे पदवीच्या लायकीचे साहित्य म्हणजे ग्रीक आणि लॅटिन, असे मानले जात होते. इंग्रजी साहित्य आपल्याला शिकवण्यामागे राज्यकर्त्यांचे हेतू वेगळे होते, हे उघड आहे; पण वाचणाऱ्यांनी त्याचे काय केले, हे अधिक रंजक आहे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले आणि ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. देवलांनी ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले. केशवसुतांनी इंग्रजीतला चौदा ओळींचा बांध, म्हणजे सुनीत, मराठीत आणला. जी. ए. कुलकर्णी धारवाडला अनेक वर्षे इंग्रजी शिकवत राहिले आणि कथा मराठीत लिहीत राहिले. विंदा करंदीकर इंग्रजीचेच प्राध्यापक होते आणि ‘किंग लिअर’ त्यांनी मराठीत आणले. या सर्वांचे इंग्रजी मराठीला बाहेर ठेवून चांगले झालेले नव्हते.

नदीकाठ, ‘किंग लिअर’ अभ्यासाला लागले तर मूळ नाटकाचा पहिला प्रवेश आणि विंदांचा पहिला प्रवेश शेजारी शेजारी ठेवून वाचा. जेथे अनुवादकाला शब्द वळवावा लागला आहे, नेमके तेथे थांबा. त्या जागांची यादी केलीत तरी प्रकल्प तयार होईल.

रोखठोक

आपण सांगितलेली मंडळी असामान्य होती. आगरकरांची उदाहरणे देऊन झेरॉक्सच्या दुकानाचा प्रश्न सुटत नाही. तुरुंगात ‘हॅम्लेट’ भाषांतरित करणारा माणूस उत्तम इंग्रजी लिहीतही होता; आमचा प्रश्न लिहिण्याचा आहे. समजा या मुलीला सरवा समजला, गुऱ्हाळ समजले. उत्तर शेवटी इंग्रजीत लिहायचे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत इंग्रजी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतला तर प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि त्या इंग्रजीतच लिहाव्या लागतात. तेथे ‘मला मराठीत फार छान समजले आहे’ असे लिहून चालत नाही.

खडूफळा

रोखठोक यांचा हा मुद्दा मला मान्य आहे. किंबहुना मी शिकवत असताना माझ्याही हातून ही चूक झाली. वर्गात मराठीत समजावले की मुलांचे चेहरे उजळत आणि मला वाटे की काम झाले. मग उत्तरपत्रिका येत आणि त्यांत पुन्हा त्याच नोट्सची वाक्ये दिसत, कारण समजलेले इंग्रजीत मांडायला मी त्यांना कधी लावलेच नव्हते. शेवटच्या आठ-दहा वर्षांत मी एक बदल केला. तास संपण्याआधी पुस्तक मिटून सहा वाक्ये इंग्रजीत लिहायची. छोटी, साधी, पहिल्या वर्गातल्या मुलासारखी असली तरी चालतील, पण स्वतःची. ‘या कडव्यात एक बाई ओढा ओलांडते. तिच्या डोक्यावर ओझे आहे. ओळ जेथे तुटते तेथे तिचे पाऊलही थबकते.’ एवढे लिहिता येणाऱ्या मुलाला पुढे ‘वाक्य पुरे होण्याआधीच ओळ तुटते’ याला इंग्रजीत ‘एंजांबमेंट’ म्हणतात हे सांगितले की संज्ञा चिकटते. आम्ही नेमके उलटे करीत होतो. संज्ञा आधी, पाऊल कधीच नाही.

मराठीचा आधार कोठे दगा देतो, तेही सांगायला हवे. छंदाचा घटक घे. दहावीत ‘यमाताराजभानसलगा’ शिकलेल्या मुलाला मात्रांची सवय असते. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, लघु-गुरु-गुरु असे चार वेळा, हे तो बोटांवर मोजतो आणि इंग्रजी ओळीतही ऱ्हस्व-दीर्घ मोजायला लागतो. पण इंग्रजी छंद आघातावर चालतो, लांबीवर नाही. कीट्सच्या ओळीत साधारण दहा अवयव (सिलॅबल) आणि पाच आघात असतात, आघात एकाआड एक, दुसऱ्या अवयवापासून सुरू होणारे. आणि या कवितेचा पहिलाच शब्द हा नियम मोडतो, कारण ‘सीझन’मध्ये जोर पहिल्या अवयवावर येतो. ते टेबलावर बोट वाजवून ऐकावे लागते. कागदावर मोजून सापडत नाही.

समीक्षेच्या पेपरातही तसेच होते. ॲरिस्टॉटलचा ‘कॅथार्सिस’ आला की मुले लगेच ‘म्हणजे आपला करुण रस’ असे लिहून मोकळी होतात. भरतमुनींची रसाची मांडणी आणि ग्रीक शोकांतिकेची मांडणी यांची तुलना अवश्य करावी, पण एकाच्या जागी दुसरे ठेवू नये. भीती आणि अनुकंपा यांचे काय होते, हा त्या ग्रीक शब्दातला प्रश्न आहे आणि ‘करुण रस’ म्हटले की तो झाकला जातो.

उच्चारशास्त्रात मात्र मराठी माणूस सुदैवी आहे. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च एकाच अक्षराने लिहूनही आपण वेगळे उच्चारतो, त्यामुळे अक्षर आणि ध्वनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्या तासाला इतरांना पटवावे लागते तो तास आपल्याकडे पाच मिनिटांत संपतो. पुढे ४४ ध्वनींची चिन्हे पाठ करण्याचे कष्ट राहतातच, आणि ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ या दोन्हींना आपण ‘व’ म्हणतो, तो खोडा जायला वेळ लागतो.

वाचनखुणा

सरांच्या सहा वाक्यांत माझी एक भर. ती वही कोणाला तपासायला देऊ नकोस, निदान पहिले दोन महिने तरी. माझ्या शाळेतल्या मुलांबाबतही मी हे पाहिले आहे की लाल शाई दिसली की पुढच्या दिवशी मूल फक्त बिनचूक येणारी वाक्ये लिहिते, आणि बिनचूक येणारी वाक्ये म्हणजे पाठ असलेली वाक्ये.

नोट्स फेकून दे असे मात्र मी म्हणणार नाही. आधी पुस्तक, मग स्वतःची सहा वाक्ये आणि मग नोट्स, या क्रमाने गेलीस तर नोट्सशी भांडता येते. ५२ व्या वर्षीचे अकाली निधन मग आपोआप खटकते.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सरांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहत होते.

पेन्सिलीने लिहिलेले सारे खोडले आणि कविता वहीत पुन्हा उतरवून काढली. ‘सरवा’ हा शब्द मला माहीत होता, पण इंग्रजीच्या पुस्तकाशेजारी तो कधी आठवला नव्हता. ‘सुगी’ म्हणून वाचल्यावर पहिले कडवे एकदम सोपे झाले. तिसऱ्या कडव्यातल्या पाकोळ्या जाण्यासाठी गोळा होतात, हे चौथ्या वाचनाला लक्षात आले आणि मग जरा वेळ पुढे वाचवले नाही. सहा वाक्यांची वही सुरू केली आहे. पहिल्या दिवशी सहा वाक्यांना पाऊण तास लागला. रोखठोक दादांचे म्हणणे खरे आहे, माझे क्रियापद अजूनही शेवटाला पळते.

एका संध्याकाळी दुसरे कडवे आजीला मराठीत सांगितले. तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात कामे केली. कोठारात बसलेला, सरीत झोपलेला, सरवा वेचणारी, चरकाशी बसलेला, असे चौघे मी सांगितले, तेव्हा तिने विचारले की सरवा कोणाच्या रानातला, आणि मालकाने वेचू दिला का. कवितेत मालक नाही, असे मी म्हणाले. तर ती म्हणाली, “मालक न्हाई असं रान असतंय व्हय?” आणि कोठारात निवांत बसलेला तो आणि डोक्यावर भारा घेतलेली ती, हे दोघे एकच कसे असतील, हेही तिला पटले नाही. मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न उत्तरपत्रिकेत लिहिण्यासारखा आहे का?

खडूफळा

लिहिण्यासारखा आहेच, आणि तुझ्या आजीने विचारला तो प्रश्न इंग्लंडमध्ये न्यायालयात विचारला गेला होता. पीक निघाल्यावर सरवा वेचणे हा गरिबांचा हक्क आहे, असे तेथील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मानले जाई. १७८८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने असा सर्वसाधारण हक्क नाही. प्रथा त्यानंतरही अनेक गावांत चालू राहिली, पण ती मालकाच्या मर्जीवर. म्हणजे कीट्सने १८१९ मध्ये ती बाई कवितेत आणली, तेव्हा तिच्या डोक्यावरचा भारा हक्काचा होता की मर्जीचा, हा प्रश्न खराच होता. त्याच वर्षी १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकाराच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर घोडदळ घातले गेले आणि माणसे मेली. कविता त्यानंतर महिन्याभराची आहे. तिच्यात यातले काहीच का नाही, यावर समीक्षकांत बराच वाद झाला आहे. काहींना ते मौन म्हणजे पळवाट वाटते, तर काहींना त्या सरवा वेचणारीतच उत्तर दिसते. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, पण तू माझे मत लिहू नकोस.

आधी सहा वाक्ये लिही. पहिले वाक्य आजीचे असू दे.

रोखठोक

परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे. तरी ती सहा वाक्ये येथे टाका. क्रियापदे मी तपासून देतो, लाल शाई न वापरता.